घोषणांनी गळा सुजत नाही

छप्पन साली, नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, लालबागमध्ये एका मुलीवर अन्याय झाला. मुलीचं नाव वत्सला घाडी, वय बावीस, राहणार मिलच्या मागची चाळ, तिसरा मजला. अन्याय करणारे तिघे: एक डॉक्टर, एक चाळ आणि एक चळवळ. लाठी चालली नाही, गोळी सुटली नाही, कोणाला अटक झाली नाही. म्हणून ही बातमी कुठल्या वर्तमानपत्रात आली नाही आणि येणारही नाही. वत्सला घाडी म्हणजे मी. तेव्हा मीच लिहिते.

त्या सकाळी मी आमच्या नाक्यावरच्या दवाखान्यात गेले आणि सांगितलं, की माझी मान पुढून सुजल्यासारखी दिसते, गळ्यातली मण्यांची सर घट्ट होते. डॉक्टरांनी विचारलं, काय करता. मी म्हटलं, चळवळीत आहे, मोर्चापुढे घोषणा देते. झालं. पुढचं ऐकायची त्यांना गरजच उरली नाही. त्यांनी माझं तोंड उघडायला लावलं, जीभ दाबली, आत टॉर्च मारला आणि काडीला कापूस गुंडाळून घशात पेंट नावाचं औषध चोपडलं. कंपाउंडरने बाटलीत गुलाबी औषध भरून वर डोसांच्या कागदी खुणा चिकटवल्या.

"आठवडाभर घोषणा बंद," डॉक्टर म्हणाले. "मग महाराष्ट्र मिळेल तेव्हा मिळेल."

दवाखान्यात बसलेली चार माणसं हसली. मीही हसले. माझ्या मानेला त्यांनी हात लावला नाही.

त्यानंतर मी पुन्हा पुन्हा गेले. दर वेळी तोंड उघडलं, दर वेळी आत पेंट. गाठ बाहेर होती. साडी नेसलेल्या मुलीच्या मानेवर, उघड्यावर, रस्त्यावरच्या कोणालाही दिसेल अशी होती. आणि शिकलेला माणूस महिनोन्महिने तिच्या तोंडात शोधत होता.

अक्षर

चळवळीत माझं मुख्य काम घोषणांचं नव्हतं. माझं अक्षर चांगलं, म्हणून पत्रकांच्या स्टेन्सिल मी कापायची. मेणाच्या कागदावर लोखंडी टोकाच्या लेखणीने मजकूर कोरायचा, मग तो सायक्लोस्टाइलच्या यंत्रावर चढवून प्रती काढायच्या. हात जरा घसरला की कागद फाटतो आणि पहिल्यापासून सुरुवात. एका खानावळीच्या मागच्या खोलीत आमचं यंत्र होतं. पोलीस येण्याआधी खानावळीतला माणूस मोठ्याने आमटी मागायचा, की आम्ही कागद पिठाच्या डब्यामागे सारायचो. लालबाग-परळमध्ये त्या वर्षी भिंतींवर जे चिकटलं, त्यातलं बरंच माझ्या हाताचं.

पावसाळा सरला आणि माझी अक्षरं थरथरायला लागली. काना सरळ येईना. वेलांटीचा शेंडा नागमोडी व्हायचा. मी मनगट दुसऱ्या हाताने दाबून धरून लिहायची.

आमच्या गल्लीतल्या कामाचे पुढारी म्हणजे मास्तर. म्युनिसिपल शाळेत शिकवायचे, बोलायला लागले की ट्रामसुद्धा थांबेल असा आवाज. त्यांनी ती वाकडीतिकडी स्टेन्सिल उजेडात धरली. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "राहू दे. लोकांना कळू दे, की लिहिणाऱ्याचा हात संतापाने कापत होता."

असं होतं सगळं. छाती धडधडायची, तर म्हणायचे, जानेवारीत आमच्या गल्लीच्या तोंडावर गोळ्या चालल्या त्या पोरीने पाहिल्या, धक्का बसलाय. झोप लागत नव्हती, तर म्हणायचे, देशाच्या काळजीने झोप उडते. मी सारखी चिडायची, तर म्हणायचे, पेटलेली आहे. मी वाळत चालले होते, पोलकी खांद्यावरून उतरत होती, तर म्हणायचे, चळवळीसाठी झिजते आहे. एखाद्या मुलीचं शरीर आतून मोडत असताना माझ्याभोवतीच्या माणसांकडे प्रत्येक मोडण्यासाठी एक उदात्त नाव तयार होतं. मलाही ती नावं आवडायची, नाही कशाला म्हणू. तापदायक असण्यापेक्षा पेटलेली असणं कोणाला आवडणार नाही?

आणि मी जेवत होते. हे लोकांना खरं वाटत नाही. मी आईच्या दुप्पट, दादाच्या बरोबरीने जेवत होते. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, मिलमध्ये साचा म्हणजे माग चालवतो, त्याची भूक म्हणजे भूक. भाकरी खाऊन हात धुतला की पुन्हा पोटात आग. मार्गशीर्षात सगळी चाळ गोधड्या ओढून झोपली, तेव्हा मी गॅलरीत उघड्या फरशीवर पडायची आणि तरी मानेखाली घाम. आई म्हणायची, "गो, खाल्लेला खय जाता तुझा?" आणि मीठ-मिरच्या घेऊन दृष्ट काढायची.

आईने विचारलं ते

हे लिहू नको, असं दादा म्हणाला होता. लिहिणार. ज्या बाईसाठी मी हे लिहिते, तिला याच एका गोष्टीपायी घरातून काढतील.

माझी पाळी आधी नुसती नावाला यायला लागली, मग चुकली, मग आलीच नाही. आमच्या चाळीत असली गोष्ट लपत नाही. बाजूला बसणारी मुलगी बाजूला बसली नाही, की मजल्यावरच्या सगळ्या बायका बोटं मोजतात. मी सभांना जाणारी, पुरुषांबरोबर मागच्या खोलीत पत्रकं छापणारी, उशिरा घरी येणारी. हिशोब त्यांनी केव्हाच मांडला होता. नळावर शेजारची शेवंताकाकी माझ्या आईला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, की मोर्चातल्या पोरी आधी अशाच सुकतात आणि मग फुगतात. मी हातातली कळशी तिच्या पायाशी आदळली. भांडण चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. त्यावरही निकाल लागला: बघा, खरं बोललं की कसं झोंबतं.

त्या संध्याकाळी आईने मला गॅलरीच्या टोकाला नेलं. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ती रागावलेली नव्हती. घाबरलेली होती.

"खरा सांग माका," ती म्हणाली. "कोण तो?"

मी म्हटलं, कोणी नाही. ती म्हणाली, तो आपल्यातला नसला तरी चालेल, दादाला मी सांभाळीन, पण नाव सांग. मी देवाची शपथ घेतली. तिने विश्वास ठेवला की नाही, तेव्हा कळलं नाही. त्यानंतर ती माझ्याकडे बघायची ती आधी पोटाकडे बघायची. मानेकडे नाही. मान सगळ्यांना समोर होती आणि बघत सगळे भलतीकडेच होते.

लवकर लग्न उरकून टाकावं म्हणून नायगावच्या बीडीडी चाळीतलं एक स्थळ आणलं. पोहे झाले, चहा झाला. निघताना मुलाची आई जिन्यात म्हणाली, मुलगी शिकलेली आहे, पण बघते कशी, डोळे वटारून. मी वटारत नव्हते. माझ्या पापण्या पुऱ्या मिटत नव्हत्या. डोळे पुढे आले होते, सकाळी त्यात वाळू गेल्यासारखी खुपायची. आरशात मला माझा चेहरा सतत दचकल्यासारखा दिसायचा. पण ही तक्रार घेऊन जायची कोणाकडे? नाक्यावरच्या डॉक्टरांनी तोच पेंट डोळ्यांना लावला असता.

टाळ्या

सत्तावन्नच्या निवडणुकीआधी आमच्या भागात मोठी सभा झाली. तोवर गाठ एवढी झाली होती, की मी पदर मानेवरून घ्यायला लागले होते. माझी घोषणा झाल्यावर मास्तरांनी मला व्यासपीठावरून उतरू दिलं नाही. त्यांनी माझा पदर स्वतःच्या हाताने जरा बाजूला केला आणि गर्दीला म्हणाले, "हा गळा बघा. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, हे ओरडून ओरडून या मुलीचा गळा सुजला आहे. दिल्लीला ऐकू जात नसेल, तर दिल्लीने कान तपासून घ्यावेत."

मैदानभर टाळ्या. बायका रडल्या. एका म्हातारीने येऊन माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि खडीसाखर हातात ठेवली. त्यानंतर लोक मला लवंगा देत, ज्येष्ठमध देत, मध देत. माझ्या आजाराची मिरवणूक निघाली होती आणि मी तिच्या अग्रभागी होते.

मास्तर वाईट माणूस नाहीत. तुरुंगात जाऊन आलेले आहेत, स्वतःच्या घरातले तांदूळ संपकऱ्यांना वाटलेले आहेत. पण भर सभेत हजारो माणसांनी ती गाठ पाहिली. त्यात शिकलेले होते, कारकून होते, एखादा डॉक्टरही असेल. एकालाही वाटलं नाही, की हिला इस्पितळात न्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. याचा राग मला लाठीपेक्षा जास्त आहे. लाठी मारणाऱ्याला माझं बरं व्हावं असं वाटतच नव्हतं. यांना वाटत होतं.

ज्या दिवशी कळलं

वैशाखात एका सकाळी पाण्याची कळशी घेऊन जिना चढताना माझ्या छातीत असं धडधडलं, की कठडा हातातून सुटला. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये मी पडले. शुद्धीवर आले तेव्हा दादा मला पाठुंगळीला घेऊन खाली उतरत होता. शेवंताकाकी पुढे धावत लोकांना बाजूला करत होती, हेही लिहिलं पाहिजे. नाक्यावरचा दवाखाना उघडा होता. दादा तिथे थांबला नाही. टॅक्सी करून थेट परळच्या मोठ्या इस्पितळात.

तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या, गिरगावच्या, माझ्याहून फार मोठ्या नसतील. शुद्ध बोलायच्या, घाई अजिबात नाही. त्यांनी मला तोंड उघडायला सांगितलं नाही. त्यांनी आधी माझा हात हातात घेतला, आणि मला वाटलं नाडी बघतात, तर म्हणाल्या, "तळवा किती गरम आणि ओला आहे." मग म्हणाल्या, हात पुढे करा, बोटं पसरा, एखादा कागद आहे का. माझ्या पिशवीत आमचं पत्रक होतं. त्यांनी ते माझ्या पसरलेल्या बोटांवर ठेवलं. मी हात स्थिर धरला, माझ्या मते. पत्रक वाऱ्यात धरल्यासारखं फडफडत होतं. खोलीत वारा नव्हता.

मग त्या माझ्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हातांची बोटं माझ्या मानेवर पुढून ठेवली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणी तिथे हात लावला. मला रडू आलं. कशाने, ते त्यांना कळलं नसावं.

"किती दिवस आहे हे?"

मी सांगितलं, श्रावणापासून. घोषणा देऊन सुजलंय.

त्या पुढे आल्या, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. "घोषणांनी गळा असा सुजत असता," त्या म्हणाल्या, "तर भायखळ्याच्या बाजारातला प्रत्येक भाजीवाला ही गाठ घेऊन फिरला असता. तुम्हाला कोणी सांगितलं हे?"

मी म्हटलं, सगळ्यांनी.

त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. मानेत पुढे, कंठाच्या खाली, एक ग्रंथी असते, थायरॉईड म्हणतात. शरीराची चूल किती पेटवायची ते ती ठरवते. माझी चूल भडकली होती. म्हणून भूक, म्हणून घाम, म्हणून वाळणं, थरथर, धडधड, चिडचिड. डोळे त्यामुळे, पाळी त्यामुळे. एकूण एक गोष्ट त्यामुळे. इतके महिने मी स्वतःला जे जे समजत होते, त्यातलं अर्धं त्या बाईंनी एका ग्रंथीच्या नावावर लिहून टाकलं.

आई मागोमाग आली होती, दाराशी उभी होती. पाळीचं ऐकलं तशी ती आत आली आणि तिने डॉक्टरीणबाईंना पुन्हा विचारलं, की ती पण त्यानेच गेली का. त्या म्हणाल्या, हो, त्यानेच. आई भिंतीला टेकून खाली बसली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. पदर तोंडात धरून बसून राहिली.

मग मी विचारलं, औषधाने जाईल का. बाईंनी पुन्हा एकदा माझी मान चाचपली. म्हणाल्या, लवकर आला असतात तर कदाचित गोळ्यांवर भागलं असतं. आता गाठ मोठी आहे, हृदय दमलं आहे. आधी औषधाने सगळं शांत करायचं आणि मग शस्त्रक्रिया. पण आवाजाची नस या ग्रंथीला चिकटून जाते. शक्य तेवढं जपतात. गाठ जितकी मोठी तितकं जपणं अवघड.

"आवाज जाईल?"

"बदलू शकतो," त्या म्हणाल्या. "तुमच्याशी मी खोटं बोलणार नाही."

वॉर्ड

इस्पितळात मला पुष्कळ दिवस ठेवलं. डोळे उघडताच, उठून बसायच्या आधी, सिस्टर येऊन नाडी मोजायची. आदल्या दिवशीपेक्षा कमी भरली की ती काही न बोलता माझ्या गालावर टिचकी मारायची. दुधातून आयोडीनचे थेंब द्यायचे, तोंडात गंजलेल्या खिळ्याची चव राहायची. एकदा नाकाला चिमटा लावून तोंडात नळी धरून श्वास घ्यायला लावला, यंत्राने तो मोजला. विद्यार्थ्यांचा घोळका आला की प्रत्येक जण माझ्या मानेवर बोटं ठेवून बघायचा. इतके महिने ज्या मानेला कोणी शिवलं नाही, तिला आता डझनभर पोरं सकाळ-संध्याकाळ चाचपत होती. एकाला मी म्हटलं, तिकीट लावू का. तो लाजला आणि सॉरी म्हणाला. चांगला डॉक्टर होईल तो.

माझ्या शेजारच्या खाटेवर सोनाबाई होती. रे रोडच्या लाकडाच्या वखारींजवळ राहायची, नवरा वखारीत हमाल. तिला आणलं तेव्हा मला वाटलं, बाई म्हातारी आहे. चेहरा सुजट, कातडी खरबरीत, भुवया विरळ, आवाज घोगरा आणि एकेक शब्द जणू विहिरीतून ओढून काढलेला. मी पंख्याखाली घामाघूम आणि ती चादरीवर चादर घेऊन कुडकुडत. ती माझ्याहून थोडीच मोठी होती. धाकटं बाळंतपण झाल्यापासून असं सुरू झालं. तिची ग्रंथी माझ्या उलटी: विझत चाललेली.

मला पेटलेली म्हणाले. तिला आळशी म्हणाले. भाकरी थापता थापता झोपते म्हणून, पोराचं रडणं ऐकून उठायला वेळ लावते म्हणून, नवऱ्याने तिला वखारीतल्या फळकुटाने मारलं होतं. पाठीवर वळ होते.

गोळ्या सुरू झाल्यावर तिच्यात आठवड्या-आठवड्याने फरक पडत गेला. आधी तिने एक चादर काढली. मग स्वतःहून केस विंचरले. मग एका दुपारी मी सिस्टरची नक्कल केली आणि ती हसली, आणि तिचं हसणं आम्हा दोघींना नवीन होतं. त्या दिवशी ती मला म्हणाली, "मी आळशी न्हवते, बया. मला मारल्यालं समदं फुकाट गेलं."

या दुखण्यावर पत्रक काढीन आणि हे वाक्य त्यात घालीन, असं मी तिला सांगितलं. तिला वाचता येत नाही. म्हणाली, घाल.

मास्तर आले

शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा मास्तर मोसंबी घेऊन आले. खाटेजवळ बसले, घाबरू नकोस म्हणाले. मग इकडचं-तिकडचं बोलून विचारलं, शस्त्रक्रिया जरा पुढे ढकलता येईल का. पुढच्या महिन्यात मोठी सभा होती. लोक विचारत होते, ती गळ्यावाली मुलगी येणार ना. एक सभा, एक घोषणा, मग खुशाल शस्त्रक्रिया.

खरं सांगते. मला जायचं होतं. आवाज जाणार असेल तर एकदा शेवटचं पूर्ण आवाजात ओरडून घ्यावं, असं मला त्यांच्याहून जास्त वाटत होतं. मी तोंड उघडणार, तोच आई उठली. आई चळवळीच्या माणसांपुढे कधी बोलली नव्हती. मास्तर आले की चहा ठेवून आत जायची.

"मास्तरानू," ती म्हणाली, "आवाज तुमका होयो. चेडू माका होया."

मास्तरांना मालवणी समजते; चेडू म्हणजे मुलगी, हे त्यांना सांगावं लागलं नाही. ते उठले. आईने मोसंबीची पिशवी उचलून त्यांच्या हातात परत दिली नाही, एवढंच. ती मोसंबी तिने सोलून आम्हा दोघींना, मला आणि सोनाबाईला, वाटली.

शस्त्रक्रियेच्या सकाळी मला आत नेलं तेव्हा आई खाटेचा कठडा धरून दारापर्यंत चालत आली. मी तिला म्हटलं, आता ऐकून घे, मग आवाज निराळा येईल. ती म्हणाली, येऊंदे, मी वळखीन.

जे उरलं

शुद्धीवर आले तेव्हा मानेभोवती पट्टी आणि गिळताना काच गिळल्यासारखं. डॉक्टरीणबाई आल्या, म्हणाल्या, नाव सांगा. मी वत्सला म्हटलं. बाहेर आली ती नुसती हवा, फाटलेल्या भात्यातून निघते तशी. त्यांनी माझा हात दाबून धरला. काही महिन्यांनी सुधारेल, म्हणाल्या, पण सगळं येईलच असं नाही.

सुधारलं, पण सगळं आलं नाही. आता अठ्ठावन्न साल आहे. वजन परत आलंय, पाळी परत आली, हात स्थिर आहेत, आणि हे सगळं मी कोणाच्याही मदतीशिवाय सरळ अक्षरात लिहिते आहे. डोळे थोडे पुढेच राहिले. आणि आवाज एका खोलीपुरता उरलाय. खोलीत बोलते, नळावर भांडते, मैदानात दुसऱ्या ओळीपलीकडे जात नाही. महाराष्ट्र अजून मिळालेला नाही, आणि मिळेल त्या दिवशी सगळी मुंबई ओरडेल तेव्हा मी फक्त ओठ हलवीन. हा आवाज पोलिसांनी नेला असता, तर माझा हार घालून सत्कार झाला असता. तो उशिराने नेला. टाळ्यांनी नेला.

मी त्या नाक्यावरच्या डॉक्टरांकडे गेले होते. व्रण दाखवला. ते म्हणाले, त्या वेळी एवढी दिसत नव्हती. मी म्हटलं, तुम्ही बघितलीच कुठे. त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मास्तरांना म्हटलं, की यावर आपलं एक पत्रक काढू. ते म्हणाले, बायकांच्या दुखण्याची पत्रकं चळवळ कशी काढणार, लढा मोठा आहे. मी म्हटलं, बायका मोर्चाला लागतात तेव्हा लढ्यात, आणि आजारी पडल्या की दुखण्यात. त्यांनी चष्मा काढून पुसला. पण यंत्राच्या खोलीची किल्ली मागितली नाही. ती माझ्याकडेच आहे.

म्हणून डॉक्टरीणबाईंकडून नीट विचारून घेतलेलं लिहिते. मानेच्या पुढच्या बाजूला सूज किंवा गाठ असेल आणि ती आठवड्या-दोन आठवड्यांत गेली नाही, तर ती दाखवायची, दुखत नसली तरी. माझी कधीच दुखली नाही, हाच घात झाला. जेवूनही वजन उतरत असेल, बसल्या जागी छाती धडधडत असेल, हात कापत असतील, सगळ्यांना थंडी आणि तिला घाम, तर दाखवायची. उलट बाई सुस्त पडत असेल, काही न खाता सुजत असेल, उन्हात थंडी वाजत असेल, केस गळत असतील, आवाज जड झाला असेल, तरी दाखवायची, आणि हात उगारायच्या आधी दाखवायची. पाळी बिघडली तर नाव विचारण्याआधी नाडी बघा. बाळंतपणानंतर महिने गेले तरी बाई सावरत नसेल, तर आळस म्हणू नका. यातलं पुष्कळ दुसऱ्या कारणांनीही होतं, ते डॉक्टर ठरवील. चाळीने ठरवू नये. आणि गाठीमुळे श्वास अडत असेल, गिळता येत नसेल, किंवा छाती बेफाम धडधडून ताप चढला आणि माणूस बरळायला लागलं, तर सकाळची वाट न बघता त्याच घटकेला इस्पितळ.

आता तुम्ही. तुमच्या घरात आई आहे, बायको आहे, बहीण आहे, सून आहे. हा कागद बाजूला ठेवा आणि तिला दारातल्या उजेडात बसवा. हनुवटी जरा वर करायला सांगा, पाण्याचा पेला द्या, आणि ती घोट गिळते तेव्हा तिच्या मानेकडे बघा. कंठाच्या खाली काही फुगलेलं घोटाबरोबर वर सरकलं, तर ते मला वर्षभर होतं तेच असू शकतं. काही दिसलं नाही, पण वर लिहिलेल्यातलं काही तिला होत असेल, तरीही गप्प बसू नका. तिला विचारा. ती काही नाही म्हणेल. आम्ही सगळ्या तेच म्हणतो. दुसऱ्यांदा विचारा. सण, सभा, पाहुणे, परीक्षा, काहीही मध्ये आणू नका. मिलला, कचेरीला, जिथे कुठे जाता तिथे उद्या खाडा करा, आणि तिला घेऊन इस्पितळात जा.